काळ्यावर काळी शिलाई घालताना

संक्रांतीआधी माझ्याकडे काळ्या ब्लाउजांचा ढीग लागतो. काळ्यावर काळा दोरा, तोही रात्री. डोळे पार शिणायचे. वरची ट्यूबलाइट पुरत नाही, कारण मशीनच्या डोक्याचीच सावली सुईवर पडते. मी छोटा एलईडी दिवा डावीकडे, सुईच्या किंचित पुढे, डोळ्यांच्या पातळीखाली लावला. पहिल्याच रात्री टाके स्वच्छ दिसले! दोरा ओवताना टोक तिरकं कापा आणि नेढ्यामागे पांढरा कागद धरा. बसायचं सुईसमोर, मशीनच्या मधोमध नाही. माझी मान दुखायची ती त्यानेच. स्टूल इतकं उंच हवं की कोपरं टेबलाच्या पातळीला येतील. माझ्या स्टुलावर जुन्या गोधडीची चौपदरी घडी आहे. उसवायचं काम मात्र सकाळी, खिडकीपाशीच करा.