ठाणे ते वाशी लोकल, वर्गाच्या व्हरांड्यात

डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) करून प्राथमिक शाळेत नव्याने रुजू होणारे शिक्षक पहिले काही महिने कार्डशीट कापण्यात रात्री घालवतात. मी नवी मुंबईत तिसरी-चौथीला शिकवते आणि माझं स्पष्ट मत आहे की पाठ रंगतो तो साहित्यामुळे नाही, प्रश्नामुळे. उद्या वर्गात काय विचारायचं, यावर तो वेळ घाला. मागच्या बाकावरच्या मुलालाही ज्यावर काहीतरी बोलता येईल, असा एक प्रश्न पुरतो.

मुलांना सर्वांत आवडणारा माझा पाठ लोकलचा. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी अशा नऊ चिठ्ठ्या करायच्या. नऊ मुलं त्या गळ्यात अडकवून व्हरांड्यात उभी राहतात. क्रम मुलांनीच लावायचा, आपण मध्ये पडायचं नाही. दिघा गाव कुठे यावर हमखास वाद होतो, कारण ते स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं आणि घरातल्या मोठ्यांच्या तोंडी अजून जुनाच क्रम असतो. मग एक मूल गाडी होतं. प्रश्न असा: ऐरोलीला बसलो, तुर्भ्याला उतरलो, तर गाडी एका स्टेशनावरून पुढच्या स्टेशनावर किती वेळा गेली?

काही मुलं पाच म्हणतात, काही चार. इथे उत्तर सांगून टाकायचा मोह होतो, तो आवरा. गाडीला चालू द्या, बाकीच्यांना मोठ्याने मोजू द्या. स्टेशनं पाच, पण मधली अंतरं चार, हे पायांनी कळतं. लगेच वर्गात येऊन पट्टी काढायला लावा. पेन्सिलीचं एक टोक १ वर आणि दुसरं ५ वर असेल तर ती किती सेंटिमीटर? पट्टीवरचे आकडे मोजायचे की मधल्या जागा, हा गोंधळ तिसरीत फार असतो आणि नुसतं फळ्यावर समजावून तो जात नाही. लोकल खेळलेली मुलं एकमेकांना म्हणतात, ‘अरे, स्टेशन नको मोजू!’ हे ऐकलं की मला खरंच भरून येतं.

चौथीला याच गाडीवरून मागे जाता येतं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली. १४ डबे, सुमारे ४०० प्रवासी. सर्व डब्यांत सारखी माणसं बसवायची तर? भागाकार २८, बाकी ८. बहुतेक वह्यांत गणित इथे संपतं. तुम्ही इथेच थांबून विचारा, ‘या आठ जणांना ठाण्याला यायचं नाही का?’ आठ डब्यांत २९ आणि सहा डब्यांत २८, इथपर्यंत मुलं आपापसांत भांडत पोहोचतात. बाकी म्हणजे टाकून द्यायचा आकडा नाही, हे त्यातून कळतं. प्रत्यक्षात लोक असे मोजून बसले नव्हते, तेही सांगा.

परिसर अभ्यासाला ठाणे खाडीचे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आहेतच. भिंतीवर खडूने जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटरवर लहान रोहित या जातीच्या मोठ्या पक्ष्याची खूण करा, मुलं शेजारी उभी राहून उंची पाहतील. पिल्लू राखाडी आणि मोठा पक्षी गुलाबी का, हा प्रश्न मात्र एक दिवस तसाच सोडा. रंग खाण्यातून येतो, हे दुसऱ्या दिवशी सांगितलं तर लक्षात राहतं.

पहिली-दुसरीला घरून शब्द आणायला सांगा. आमच्याकडे आगरी, कोळी, हिंदी बोलणारी, अशी सगळ्या घरांतली मुलं असतात. बोंबील, बटाटा, बाजरी एकाच ‘ब’खाली लिहिले जातात आणि आपल्या घरचा शब्द फळ्यावर दिसला की एरवी गप्प बसणारं मूलही उठून वाचतं.

पाठ टाचणात, म्हणजे पाठाच्या आधी लिहिलेल्या आराखड्यात, अशा तासिकेसाठी एकच उद्दिष्ट लिहा आणि शेवटची दहा मिनिटं मोकळी ठेवा. वाद घालायला मुलांना तेवढी लागतातच. आवाज वाढला म्हणून शेजारच्या वर्गातून कुणी डोकावलं तर दडपून जाऊ नका. पाठ सुरू करण्याआधीच त्यांना सांगून ठेवा, की आज आमच्या व्हरांड्यातून गाडी जाणार आहे.