खान्देशात ट्रायकोकार्डचा धंदा करायचाय? मग आधी वही घ्या, लॅब नंतर

ट्रायकोकार्ड म्हणजे किडीची अंडी मारणारी बारीक मित्रमाशी ज्यातून निघते, तो अंडी चिकटवलेला पुठ्ठा. तो बनवणं तेवढं अवघड नाही, वेळेवर खपवणं अवघड आहे. युरियाची गोणी यंदा नाही गेली तर पुढच्या वर्षी जाते, पण कार्डातला माल सात-आठ दिवसांत बाहेर पडून उडून जातो आणि तुमच्या हातात नुसता पुठ्ठा राहतो. म्हणून आधी ऑर्डर, मग माल.

माझं स्पष्ट मत, पहिला सीझन लॅब टाकूच नका. दुसऱ्याच्या लॅबचे कार्ड आणून विका आणि एक वही करा, कोणत्या गावात कोणाचा किती कापूस, लागवड कधीची, पाते (फुलाच्या कळ्या) कधी लागणार. आपल्याकडे ठिबकवरचा बागायती कापूस मे अखेरीपासून लागतो आणि कोरडवाहू पाऊस पडल्यावर, त्यामुळे मागणी दोन टप्प्यांत येते, ते आपल्या सोयीचंच आहे. शहादा-शिरपूरकडे ऊस आणि मकाही धरा.

आता खरी गोम. ट्रायकोग्रामा ही अर्धा मिलिमीटरची गांधीलमाशी, ती दुसऱ्या किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, म्हणून आधी आपल्याला अंडी पाहिजे, ती मिळतात कोरसायरा नावाच्या धान्यातल्या पतंगापासून. धान्याच्या भरड्यात ही अंडी टाकल्यापासून (याला चार्ज करणं म्हणतात) पतंग निघायला 40 ते 45 दिवस आणि वर कार्डाचे आठेक दिवस. म्हणजे जुलैच्या मध्यात कार्ड पाहिजे तर मे अखेरीस ट्रे भरलेले पाहिजे, आणि मे म्हणजे जळगाव-भुसावळचा 44-45 डिग्रीचा महिना, तिथे कोरसायराला पाहिजे 26 ते 28 डिग्री. पत्र्याच्या शेडमध्ये हा धंदा होत नाही भो. जुनं धाब्याचं घर असेल तर सोनं, त्यात कूलर लावा, ओलावाही मिळतो. फ्रिजला इन्व्हर्टर पाहिजेच, लोडशेडिंगचं काही सांगता येत नाही.

एका ट्रेला अडीच किलो भरडा, ज्वारी, बाजरी, मका काहीही चालतं (आपली दादर ज्वारी नका घालू, ती भाकरीला ठेवा, हायब्रीड बस झाली). त्यात 100 ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, 5 ग्रॅम यीस्ट, 5 ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक, ते कोळी किडे होऊ नये म्हणून, आणि थोडं स्ट्रेप्टोमायसिनचं पाणी शिंपडायचं. वर अर्धा सीसी कोरसायराची अंडी टाकायची आणि कापडाने बांधून ठेवायचं. धान्य घेताना विचारून घ्या, सेल्फॉसच्या (कीड मारायच्या विषारी) गोळ्या टाकलेलं धान्य आलं तर अळ्या मरतात.

पतंग निघाले की जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, मधाच्या पाण्याचा बोळा आत. अंडी खाली कागदावर पडतात, ती चाळून साफ करायची. या कामाला मास्क लावाच, पतंगाच्या पंखांची भुकटी नाकात गेली की दम्यासारखं होतं आणि मग एकेक बाई कामावर यायची बंद होते. दुसरी भीती ब्रॅकॉनची. शेतात हा अळ्या मारणारा मित्रकीटकच, पण तुमच्या खोलीत शिरला तर कोरसायराच्या अळ्याच फस्त करतो. खिडक्यांना बारीक जाळी लावा, मुंग्यांसाठी रॅकचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

साफ अंडी यूव्ही ट्यूबखाली दोन फुटांवरून साधारण 45 मिनिटं ठेवायची, म्हणजे त्यातून अळी निघत नाही. मग पुठ्ठ्यावर डिंकाचा पातळ हात मारायचा आणि चहाच्या गाळणीतून अंडी भुरभुरवायची, एकसारखी बसतात. एका कार्डावर साधारण 20 हजार धरतात. सहा कार्डांना एक आईकार्ड (ज्यातून ट्रायकोग्रामा माशी निघणार ते तयार कार्ड) अशा हिशोबाने प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, तीन-चार दिवसांत अंडी काळी पडली की काम झालं. मग फ्रिजमध्ये 10 डिग्रीच्या आसपास, तिथे माल थोडे दिवस थांबतो, महिनोन्‌महिने नाही. आईकार्ड बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडून मागवा, आणि प्रॅक्टिकल बघायला कृषी विज्ञान केंद्र किंवा राहुरी विद्यापीठाचं ट्रेनिंग घ्या, नुसते व्हिडिओ बघून हात बसत नाही.

विकताना कार्डावर माशीची जात, बनवल्याची तारीख आणि माशी निघायची तारीख लिहा. दुसऱ्याचा माल घेताना भिंगातून बघा, काळ्या अंड्याला गोल भोक असेल तर माशी आधीच गेली, तुम्हाला टरफलं विकली.

आप्पा-नानांना समजवणं हे अर्धं काम आहे. कार्ड हातात दिलं की पहिला प्रश्न, "हाई काय शे भाऊ?" आणि दुसऱ्या दिवशी फोन, अळ्या तर तशाच आहेत. आधीच सांगून ठेवा, हे अंडी मारतं, अळी बोंडात शिरली की याचा उपयोग नाही. म्हणून एकरी दोन कामगंध सापळे (वासाने नर पतंग ओढणारे) लावून पतंग दिसायला लागले की सुरुवात, एकरी 3 कार्ड, आठवड्याच्या अंतराने तीनदा. गुलाबी बोंडअळीला ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री, उसाच्या खोडकिडीला ट्रायकोग्रामा चिलोनिस, मक्याच्या लष्करी अळीला प्रीटिओसम, जात बदलली तर पैसे वाया. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालून स्टेपल करायच्या, आधी-नंतर आठवडाभर रासायनिक फवारणी नाही, आणि शेजारच्याच्या पंपाचीही चौकशी करा. ज्याला हे जमणार नसेल त्याला कार्ड देऊ नका, तो गावभर तुमचीच बदनामी करेल.

माल थर्माकोलच्या डब्यात, बर्फाची पिशवी कागदात गुंडाळून, सकाळच्या पहिल्या एसटीने. दुपारच्या गाडीत टाकला तर टपावरच माशा निघतील.

कागदपत्रांचं सोपं आहे, मित्रकीटकांना कीटकनाशक कायदा 1968 चं रजिस्ट्रेशन लागत नाही. पण गिऱ्हाईक मागतं म्हणून सोबत ट्रायकोडर्मा किंवा बव्हेरिया या बुरशीच्या औषधांचे डबे बनवायला लागलात तर लागतं, तो खर्च वेगळाच.

रब्बीत हरभऱ्याच्या घाटेअळीसाठी लोक कार्ड मागतील, नाही म्हणा. हरभऱ्याच्या पानावरचं आंबट पाणी या माशीला टिकू देत नाही. त्या महिन्यांत मका-उसाचीच ऑर्डर घ्या, नाहीतर चार-पाच ट्रेवर कोरसायराचं कल्चर (पैदास) जिवंत ठेवा आणि पुढच्या मे महिन्याची वही भरत बसा.