विंटेज घड्याळाचे मूळ पार्ट बदलताय? या चुका टाळा

‘जे खराब असेल ते सगळं बदलून टाका’ ही सूचना रोजच्या वापरातल्या घड्याळासाठी ठीक आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या रोलेक्स किंवा ओमेगाच्या बाबतीत ती फार महागात पडते. दुरुस्ती करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. घड्याळ अचूक चालावं आणि नव्यासारखं दिसावं, हेच तो शिकलेला असतो. संग्राहक मात्र बघतो ते कारखान्यातून निघताना बसवलेलं काय काय अजून जागेवर आहे. त्यामुळे पहिली चूक घड्याळ उघडण्याआधीच होते: तोंडी आणि मोघम सूचना देण्याची. पावतीवर लिहून घ्या की तबकडी, काटे, बेझल (काचेभोवतीची कडी) आणि क्राउन (चावी द्यायचं बटण) विचारल्याशिवाय बदलायचे नाहीत, केसला (बाहेरच्या धातूच्या कवचाला) पॉलिश करायचं नाही आणि काढलेला प्रत्येक पार्ट पुडीत घालून परत द्यायचा. जुने पार्ट परत मिळणार नाहीत असं जिथे सांगतात, तिथे घड्याळ देऊच नका. देण्याआधी तबकडीचे आणि आतल्या मशीनचे स्पष्ट फोटोही काढून ठेवा.

तबकडी ‘नवी’ करून घेणं

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. २०१७ साली न्यूयॉर्कमध्ये फिलिप्सच्या लिलावात अभिनेते पॉल न्यूमन यांचं स्वतःचं रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. त्यात मालकाच्या नावाचा वाटा मोठा होता, हे मान्य. पण त्याच ६२३९ मॉडेलची दोन अनामिक घड्याळं घेतली, एक साध्या तबकडीचं आणि दुसरं न्यूमन यांच्यासारख्या ‘एक्झॉटिक’, म्हणजे वेगळ्या धाटणीच्या तबकडीचं, तरी किमतीत कित्येक पटींचा फरक पडतो. मशीन तेच, केस तीच. फरक फक्त त्या पातळ चकतीचा.

तबकडी पुन्हा रंगवायची तर आधीचा रंग आणि छपाई काढावीच लागते, म्हणजे मूळ ते कायमचं गेलं. भिंगाखाली हे काम बहुतेक वेळा उघडं पडतं: अक्षरं जाड असतात, त्यांच्या कडा फुटलेल्या असतात, मिनिटांच्या रेषा खुणांशी नीट जुळत नाहीत, छोट्या तबकडीवरचे आकडे किंचित सरकलेले असतात. डाग पडलेली, पिवळसर झालेली मूळ तबकडी अशा चकचकीत तबकडीपेक्षा कधीही चांगली. घरी ओल्या कापसाच्या काडीने डाग पुसण्याचा मोहही आवरा. बऱ्याच जुन्या तबकड्यांची छपाई लॅकरच्या (पारदर्शक लेपाच्या) वरच्या बाजूला असते. एका फटक्यात कंपनीचं नावच काडीवर येतं.

अंधारात चमकणारा रंग पुन्हा भरणं

साधारण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काटे आणि आकड्यांवर रेडियमयुक्त रंग असायचा. त्यानंतर ट्रिटियम आलं, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी नसलेला ल्युमिनोव्हा हा रंग. ट्रिटियमच्या तबकड्यांवर तळाशी ‘स्विस’ शब्दाजवळ बहुधा इंग्रजी टी हे अक्षर असतं. ट्रिटियमचं अर्धआयुष्य (निम्मं संपायला लागणारा काळ) सुमारे १२.३ वर्षांचं, त्यामुळे १९७० च्या दशकातलं घड्याळ आज जेमतेम चमकतं. अशा घड्याळाचे काटे रात्रभर हिरवेगार दिसत असतील, तर ते नंतर बसवलेत किंवा त्यांत नंतर रंग भरलाय.

रेडियमची गोष्ट वेगळी. त्याचं अर्धआयुष्य सुमारे १६०० वर्षं. रंग चमकायचा थांबला तो त्यातला चमकणारा घटक, झिंक सल्फाइड, निकामी झाल्यामुळे. किरणोत्सार तसाच सुरू असतो. हा रंग घरी खरवडणं म्हणजे त्याची धूळ श्वासावाटे आत घेणं. त्या वाटेला जाऊच नका. काट्यांमधला रंग भुसभुशीत होऊन झडत असेल, तर जाणकार कारागीर मागच्या बाजूने पारदर्शक लॅकरचा हात देऊन तो धरून ठेवतो. पुढून बघणाऱ्याला काही कळत नाही, आणि काटेही वाचतात.

‘कंपनीचाच पार्ट आहे’ यावर समाधान मानणं

पार्ट कंपनीचा असेल, पण त्या काळाचा आहे का? ओमेगाच्या स्पीडमास्टर या मॉडेलचंच बघा. ‘कॅलिबर ३२१’ या प्रकारचं मशीन असलेल्या जुन्या घड्याळांच्या तबकडीवर ओमेगाचं चिन्ह धातूचं, वेगळं बसवलेलं असतं. पुढच्या काळातल्या बहुतेक तबकड्यांवर ते छापलेलं. बेझलवरच्या वेग मोजायच्या पट्टीत साधारण १९७० पर्यंत ९० च्या आकड्याच्या वर टिंब असायचं, नंतर ते आकड्याच्या बाजूला आलं. एवढ्याशा टिंबासाठी लोक चांगले पैसे मोजतात, आणि कुणीतरी ओरखडे पडले म्हणून ती बेझल काढून फेकलेली असते! रोलेक्स जीएमटी-मास्टर ६५४२ ची बॅकेलाइटची (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची) बेझल ठिसूळ होती, तडकायची. बऱ्याच घड्याळांवर पुढे धातूची बसली. आज तडा गेलेली मूळ बेझलही जपून ठेवण्याजोगी आहे.

केसच्या पॉलिशबद्दल थोडक्यात: धातू एकदा घासला की परत येत नाही. पट्टा अडकवायच्या कानांच्या धारदार कडा बोथट झाल्या की घड्याळाचा आकारच बदलतो.

बिनधास्त बदला

मेनस्प्रिंग (चावीची मुख्य स्प्रिंग), रबरी गॅस्केट (पाणी अडवणारी कडी), झिजलेलं चाक, बॅलन्स स्टाफ (झुलणाऱ्या बॅलन्स चाकाचा आस), पट्ट्याच्या स्प्रिंगच्या काड्या. या झिजायच्याच गोष्टी आहेत. त्या बदलल्याने कुणी नाक मुरडत नाही. काच मधल्या गटातली. प्लास्टिकच्या काचेवरचे ओरखडे बहुतेकदा पॉलिश पेस्टने जातात, त्यामुळे तडा गेला असेल तरच बदला. जुन्या स्पीडमास्टरच्या मूळ काचेत मधोमध बारीकसं ओमेगाचं चिन्ह कोरलेलं असतं, ते आधी भिंगातून बघा. आणि गॅस्केट नवी घातली म्हणून घड्याळ पाण्यात नेऊ नका.

पार्ट बदलल्यावर कुरबुरी सुरू झाल्या तर

घड्याळ दरवेळी ठरावीक वेळेला, काटे एकमेकांवर येताना थांबत असेल, तर काटे एकमेकांना घासताहेत. मशीन पुन्हा साफ करून उपयोग नाही. काट्यांमधलं अंतर नीट करून घ्या. तारीख रात्री दीड वाजता बदलत असेल, तर बहुधा काटे चुकीच्या जागी बसवलेत.

क्रोनोग्राफचा (स्टॉपवॉचचा) काटा शून्यावर येत नसेल, तर आधी दहाएक वेळा रीसेट करून बघा. दरवेळी सारख्याच अंतरावर थांबला, तर तो बसवतानाच चुकलाय. दरवेळी वेगळीकडे थांबला, तर काट्याची नळी सैल झाली असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी तो पुन्हापुन्हा काढून दाबून बसवला की नळी आणखी पसरते आणि मूळ काटा हातचा जातो.

स्क्रू होणारा क्राउन अडखळत असेल, तर जोर लावू नका. नव्या क्राउनचे आणि तो ज्यावर बसतो त्या केसमधल्या जुन्या ट्यूबचे आटे जुळत नसतील.

टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) अँप्लिट्यूड (बॅलन्स चाकाचा झोका) विचित्र दिसला, तर मशीनला नावं ठेवण्याआधी लिफ्ट अँगल (त्या यंत्रात भरायचा कोन) तपासा. बरीच यंत्रं मुळात ५२ अंशांवर लावलेली असतात, पण प्रत्येक कॅलिबरचा कोन वेगळा असू शकतो. तो चुकला की निरोगी मशीनही कागदावर आजारी दिसतं, आणि एखादा चांगला बॅलन्स उगाचच बदलला जातो.