ऑफिसचं नेटवर्क केबलिंग: डिसेंबरात पास, मे महिन्यात नापास. या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. पत्र्याच्या शेडमध्ये, फॉल्स सीलिंगच्या वर तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. केबलचं माप मात्र सगळे २० अंशांचंच पाठ करून येतात: पॅच पॅनलपासून (सगळ्या केबल एकत्र येतात ती पट्टी) भिंतीवरच्या आय-ओ बॉक्सपर्यंत (केबल संपते तो जॅकचा डबा) ९० मीटर, दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (जोडायच्या लवचिक छोट्या केबल) धरून १००. तार तापली की रोध वाढतो आणि सिग्नल वाटेतच विरतो. साध्या यूटीपी (धातूचं आवरण नसलेल्या) केबलला ४० अंशांवर ९० ऐवजी ८४ मीटरच मिळतात, ५० वर ७९.५ आणि ६० वर ७५. थंडीत ८५ मीटरची लाइन टाकून टेस्टर पास दाखवतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि उन्हाळ्यात दुपारी तीच लाइन तुटक चालायला लागते. केबल पत्र्याला चिकटवून नेऊ नका, सीलिंगच्या खालून भिंतीलगत केसिंग-पट्टीतून न्या. रॅक (पॅच पॅनल आणि स्विचचं कपाट) कोपऱ्यातल्या अडगळीत न ठेवता इमारतीच्या मध्यावर घ्या, म्हणजे मुळात लांबीच कमी होते. पश्चिमेची भिंत मात्र टाळा.

दुसरी चूक केबलच्या अंदाजाची. समजा २४ पॉइंट, म्हणजे आय-ओ बॉक्स, आहेत. सगळ्यात लांबचा ५२ मीटर, जवळचा १४. सरासरी ३३. त्यात १० टक्के वाढवा, वर रॅकमध्ये ३ मीटर आणि बॉक्समागे थोडी सैल केबल धरा, की पॉइंटमागे ४० मीटर होतात. केबलच्या ३०५ मीटरच्या एका खोक्यातून असे सातच पॉइंट निघतात, म्हणजे चार खोकी लागतात. "तीनात भागेल" म्हणून सुरुवात करणारा शेवटच्या खोलीत तुकडे जोडत बसतो. सीलिंगवर लपलेला तो जोड पुढे कुणाला सापडत नाही. पाइपाचंही तसंच. २५ मिमीच्या पाइपात कॅट-६ (गिगाबिटची नेहमीची नेटवर्क केबल) च्या चारच केबल घाला. सहावी-सातवी कोंबताना ओढ वाढते, आतल्या तारांच्या जोड्यांचे पीळ ताणले जातात. एका केबलवर ११ किलोपेक्षा जास्त ओढ नको.

केबल घेताना टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरट चकाकी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. दुकानदार त्यालाही कॅट-६ म्हणतो. त्याचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो. त्यावर पीओईचे (नेटवर्क केबलमधूनच वीज घेणारे) कॅमेरे लावले की लांबच्या कॅमेऱ्याला व्होल्टेज पुरत नाही, आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागताच तो रीस्टार्ट होत राहतो. कॅमेरा बदलून काही होत नाही.

गिगाबिटचा (१००० एमबीपीएस) स्विच असून लिंक १०० वरच अडली, तर आधी पंचिंग (तारा जॅकमध्ये दाबून बसवणं) बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. दोन्ही टोकांना रंगक्रम एकच ठेवा. टी-५६८-बी (एक ठरलेला रंगक्रम) असेल तर पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या तारांमध्ये निळी जोडी येते, ती उगाच नाही. १-२, ३-४ अशा सरळ जोड्या लावल्या तर दिव्यांचा स्वस्त टेस्टर १ ते ८ बरोबर दाखवतो, पण जोड्या फुटलेल्या असतात आणि लिंक रडतखडत चालते. पीळ जॅकच्या तोंडाशी ६ मिमीपेक्षा जास्त सोडवू नका. आणि भिंतीतल्या कडक तारेवर थेट प्लग क्रिम्प करून संगणकात खोचू नका. हलवाहलवीत तार तुटते. भिंतीत जॅक, पुढे पॅच कॉर्ड.

जिनिंग किंवा डाळ मिलच्या ऑफिसात आणखी एक घोळ होतो. वजनकाट्याची केबिन गेटपाशी, दीडशे मीटरवर असते, आणि मधे स्विच ठेवून तांब्याची केबल जमिनीतून नेली जाते. तिथे फायबरच (प्रकाशावर चालणारी काचेची केबल) टाका. अंतराचं कारण आहेच, पण वळवाच्या पावसात वीज जवळ पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमधला फरक त्याच तांब्यातून वाट काढतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जळतात. आतही मोटर आणि व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) पॉवर केबलपासून ३० सेंमी तरी दूर राहा, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात. शील्डेड (धातूचं आवरण असलेली) केबल घेऊन अर्थिंग न करणं म्हणजे पैसे देऊन घेतलेली साधी केबल.

लेबल दोन्ही टोकांना, पंचिंगच्या आधीच लावा. प्लॅस्टिकचे टाय करकचून आवळू नका, वेल्क्रो वापरा. पाइपाची उघडी तोंडं बंद करा. उंदीर तिथूनच शिरतात.