मोठा प्रोजेक्ट, ८ जीबी रॅम आणि 'आउट ऑफ मेमरी': आधी काय बघायचं, मग काय बदलायचं

बिल्ड (कोडपासून ॲप तयार करण्याचं काम) अर्ध्यावर मरतो, एडिटर गोठतो, टर्मिनलवर 'आउट ऑफ मेमरी' येतं. यावर ठरलेला सल्ला असतो की अमुक आकडा दुप्पट करा. कधी तो चालतो, कधी लॅपटॉप आधीपेक्षा जास्त रखडतो. याचं कारण साधं आहे. मेमरीचे एरर दोन जातींचे असतात आणि दोघांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

पहिल्या जातीत प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रामला) ठरवून दिलेली मर्यादा भरते, मशीनमध्ये रॅम शिल्लक असली तरीही. दुसऱ्या जातीत मशीनचीच रॅम संपते आणि ऑपरेटिंग सिस्टिम कुणाला तरी मारते. पहिल्यात मर्यादा वाढवायची, दुसऱ्यात कमी करायची. कळशी भरून सांडतेय की विहिरीलाच तळ लागलाय हे आधी बघायचं. मे महिन्यात आटलेल्या विहिरीवर मोठी कळशी नेऊन पाणी वाढत नाही.

एक सूचना: खाली आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच लिहायची.

एरर नीट वाचा

जावाचा 'जावा हीप स्पेस' आणि नोडचा 'जावास्क्रिप्ट हीप आउट ऑफ मेमरी' हे दोन्ही पहिल्या जातीचे. हीप म्हणजे प्रोग्राम आपला डेटा ठेवतो ती रॅममधली जागा, आणि नोड म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम. नोड अशा वेळी स्वतःहून थांबतो आणि लिनक्सवर एक्झिट कोड बहुधा १३४ दिसतो. जावाचा 'जीसी ओव्हरहेड लिमिट एक्सीडेड' त्याच घरातला: ९८ टक्क्यांहून जास्त वेळ कचरा (न लागणारा डेटा) गोळा करण्यात जातोय आणि हीपचा २ टक्के भागही मोकळा होत नाही, असा त्याचा अर्थ. जावाच्या ओळीत 'मेटास्पेस' लिहिलं असेल तर मात्र हीप वाढवून काडीचा फरक पडणार नाही, कारण क्लासची माहिती हीपबाहेर राहते आणि तिची मर्यादा वेगळी असते. 'अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड' आला तर हीप वाढवणं उलट घातक, कारण थ्रेडचा स्टॅकही हीपबाहेरच्याच जागेतून येतो.

दुसऱ्या जातीचा एरर बहुधा तोंडच उघडत नाही. टर्मिनलवर नुसतं 'किल्ड' येतं किंवा एक्झिट कोड १३७ मिळतो, म्हणजे १२८ अधिक सिग्नल ९. ग्रेडल (अँड्रॉइड आणि जावाचे बिल्ड चालवणारं साधन) म्हणतो की डेमन, म्हणजे मागे चालत राहणारी त्याची प्रोसेस, अचानक नाहीसा झाला. सी++ मध्ये 'सीसी१प्लस' (कंपाइलर) मारला गेल्याची ओळ येते. लिनक्सवर 'सुडो डीमेसेज -टी' चालवून 'किल्ड प्रोसेस' शोधा. कोणती प्रोसेस, किती रॅम खात असताना गेली, सगळं तिथे असतं. उबुंटू २२.०४ पासून 'सिस्टिमडी-ओओएमडी' ही आणखी एक सेवा डीफॉल्टने चालू असते. ती कर्नलच्या आधीच हालचाल करते आणि एका प्रोसेसऐवजी अख्खा गट उडवते. टर्मिनलची खिडकीच गायब झाली आणि डीमेसेजमध्ये काही नाही, तर 'जर्नलसीटीएल -यू सिस्टिमडी-ओओएमडी' बघा.

विंडोजची रीत वेगळी. तिथे असा मारेकरी नाही. रॅम आणि पेजिंग फाइल (रॅमला जोड म्हणून वापरली जाणारी डिस्कवरची फाइल) मिळून एक हद्द असते, ती संपली की नवी मागणी नाकारली जाते. 'पेजिंग फाइल इज टू स्मॉल' किंवा जावाचा 'कुड नॉट रिझर्व्ह इनफ स्पेस' हे त्याचे एरर. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर मेमरीखाली 'कमिटेड' असे दोन आकडे दिसतात. पहिला दुसऱ्याला टेकला असेल तर निदान झालं.

डॉकरच्या कंटेनरमधला (बंदिस्त वातावरणातला) बिल्ड असेल तर 'डॉकर इन्स्पेक्ट' मध्ये 'ओओएमकिल्ड' खरं आहे का ते पाहा. खरं असल्यास कंटेनरला दिलेली मर्यादा तपासा. लॅपटॉपची रॅम नंतर.

एक तोतया एररही आहे. लिनक्सवर एडिटर किंवा डेव्ह सर्व्हर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणतो आणि डिस्कवर तर भरपूर जागा असते. तिथे फाइलींवर नजर ठेवणारे वॉच संपलेले असतात. 'एफएस.आयनोटिफाय.मॅक्स_युजर_वॉचेस' हा आकडा ५२४२८८ करा आणि नोड मॉड्यूल्सचा (डाउनलोड केलेल्या पॅकेजांचा) फोल्डर वॉचमधून वगळा.

कॅश पुसू नका

घाबरून पहिला हात जातो तो नोड मॉड्यूल्स आणि ग्रेडलची कॅश (आधी उतरवून ठेवलेल्या फाइली) पुसण्याकडे. मेमरीच्या एररवर याचा काहीही उपयोग नाही. डिस्कवरची कॅश रॅम खात नाही. देवगड-मालवणकडच्या एखाद्या वाडीत, घाटीच्या आडोशाला मोबाइलच्या एका काडीवर नेट चालवणाऱ्याला तर तो दीड-दोन जीबीचा डाउनलोड पुन्हा करणं म्हणजे दिवस गेला. पावसाळ्यात वीजही मध्येच जाते. कॅश खराब झाल्याचे एरर वेगळे असतात. त्यात 'चेकसम' किंवा 'करप्ट' असे शब्द येतात.

दूरच्या सर्व्हरवर बिल्ड करण्याचा उपायही अशा जोडणीवर अवलंबून ठेवू नये. असेल तर चांगलं, पण लॅपटॉपवर बिल्ड व्हायलाच हवा.

८ जीबीचा हिशोब

अँड्रॉइडचा मोठा प्रोजेक्ट घ्या. विंडोज आणि अँटिव्हायरस मिळून २ जीबी धरा. ब्राउझरचे दहा-बारा टॅब १ ते १.५. अँड्रॉइड स्टुडिओची हीप २, शिवाय हीपबाहेर अर्धा-पाऊण. ग्रेडल डेमनला २. कोटलिन या भाषेचा कंपाइलर वेगळ्या डेमनमध्ये चालतो आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर ग्रेडलचीच मर्यादा उचलतो, म्हणजे आणखी २ पर्यंत. एम्युलेटर निदान २. बेरीज १२ च्या आसपास जाते. इथे एक्सएमएक्स (जावाच्या हीपची कमाल मर्यादा) ४ जीबी करणं म्हणजे स्वतःहून खड्ड्यात उडी.

सगळ्यात मोठी बचत एम्युलेटर बंद करण्यात आहे. खरा फोन केबलने जोडा, जुना चालेल.

मग ग्रेडल. प्रोजेक्टमधल्या 'ग्रेडल.प्रॉपर्टीज' ला हात लावू नका, कारण ती फाइल गिटमधून सगळ्या टीमकडे जाते आणि मुंबई-पुण्यात ३२ जीबीवर बसलेल्यांचे बिल्ड तुमच्या आकड्यांमुळे मंदावतील. होम फोल्डरमधल्या '.ग्रेडल' मध्ये त्याच नावाची फाइल करा. ती प्रोजेक्टच्या फाइलवर मात करते. त्यात लिहायचं:

ओआरजी.ग्रेडल.जेव्हीएमआर्ग्स=-एक्सएमएक्स१५३६एम -एक्सएक्स:मॅक्समेटास्पेससाइझ=५१२एम
कोटलिन.डेमन.जेव्हीएमआर्ग्स=-एक्सएमएक्स१०२४एम
ओआरजी.ग्रेडल.वर्कर्स.मॅक्स=२

वर्कर्सचा (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा) आकडा दिला नाही तर तो कोअरच्या संख्येइतका असतो. आठ कोअर आणि ८ जीबी ही जोडी कागदावरच छान दिसते. या आकड्यांवर हीप स्पेसचा एरर आला तर एकावेळी एकच आकडा २५६ ने वाढवा. दोन्ही एकदम वाढवले तर कोण कमी पडत होतं ते कळणार नाही.

'कोटलिन.कंपाइलर.एक्झिक्युशन.स्ट्रॅटेजी' ला 'इन-प्रोसेस' देऊन दोन्ही डेमन एकत्र करण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो. रॅम वाचते खरी, पण इन्क्रिमेंटल कंपाइल जातं आणि एक ओळ बदलली तरी पूर्ण मॉड्यूल पुन्हा कंपाइल होतं. शेवटचा पर्याय म्हणूनच ठेवा.

डेमन काम नसतानाही तीन तास रॅम धरून बसतो. स्टुडिओ एक जेडीके (जावाचा संच) वापरतो आणि टर्मिनल दुसरं, असं असेल तर दोन डेमन उभे राहतात, आणि 'कालपर्यंत चालत होतं' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच निघतं. 'ग्रेडलडब्ल्यू --स्टॉप' फक्त त्याच ग्रेडल आवृत्तीचे डेमन थांबवतो. दोन प्रोजेक्ट दोन आवृत्त्यांवर असतील तर 'जेपीएस' चालवून सगळ्या जावा प्रोसेस बघा आणि उरलेले डेमन हाताने बंद करा.

स्टुडिओच्या मेमरी सेटिंगमध्ये वाढवलेला आकडा फक्त एडिटरचा असतो. बिल्ड मरत असेल तर त्याने काही होत नाही. इंडेक्सिंग करताना किंवा टाइप करताना अडखळत असेल तरच तिकडे जा.

नोड आणि टाइपस्क्रिप्ट

'नोड_ऑप्शन्स' मध्ये '--मॅक्स-ओल्ड-स्पेस-साइझ=३०७२' द्या. आकडा एमबीमध्ये असतो. ३ लिहिलं तर ३ एमबी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर 'सेट' ने, पॉवरशेलवर '$एन्व्ह:' ने. ८ जीबीवर ४०९६ च्या पुढे जाऊ नका. हा पर्याय प्रत्येक उपप्रोसेसला लागू होतो, हे लक्षात ठेवायला हवं. जेस्ट हे टेस्ट चालवणारं साधन एकूण कोअरपेक्षा एक कमी इतके वर्कर काढतो. सात वर्कर आणि प्रत्येकाला ३ जीबीची मुभा. '--मॅक्सवर्कर्स=२' द्या आणि 'वर्करआयडलमेमरीलिमिट' ५१२ एमबी ठेवा. वर्कर त्याच्या पुढे गेला की तो बंद होऊन नवा निघतो.

मर्यादा वाढवण्याआधी टाइपस्क्रिप्टच्या कंपाइलरची 'टीएससी --एक्स्टेंडेडडायग्नॉस्टिक्स' ही आज्ञा चालवा. फाइलींची संख्या आणि वापरलेली मेमरी कळते. संख्या अवाच्या सवा वाटली तर '--लिस्टफाइल्स' ने यादी काढा. बिल्ड झालेला 'डिस्ट' फोल्डर किंवा शेजारचं पॅकेज चुकून आत आलेलं सापडतं. 'स्किपलिबचेक' (लायब्ररींच्या टाइप फाइलींची तपासणी वगळणारं सेटिंग) चालू करा. व्हीएस कोडमधला टाइपस्क्रिप्ट सर्व्हर वेगळी प्रोसेस आहे, त्याची डीफॉल्ट मर्यादा ३०७२ एमबी. बिल्डच्या वेळी सोर्स मॅप (तयार कोड मूळ ओळींशी जोडणाऱ्या फाइली) बंद केले तरी मोठा फरक पडतो.

सी++ थोडक्यात: 'मेक -जे' पुढे आकडा न लिहिणं म्हणजे मर्यादाच नाही, आणि मेकसारखंच असलेलं निंजा कोअरपेक्षा दोन जास्त कामं एकदम काढतं. टेम्प्लेटने भरलेली एक फाइल एकटी १ जीबी खाऊ शकते. '-जे२' वर या. मरण लिंकिंगला (तयार तुकडे जोडून एक प्रोग्राम करताना) येत असेल तर लिंकची कामं एकावर आणा आणि एलएलडी लिंकर वापरा. अँड्रॉइडचं संपूर्ण प्लॅटफॉर्म मात्र लॅपटॉपवर बांधायला जाऊ नये. गूगल त्यासाठी ६४ जीबी रॅम मागतं.

डब्ल्यूएसएल आणि स्वॅप

डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) विंडोजच्या रॅमपैकी निम्मी घेऊ शकतं. ८ पैकी ४ तिकडे, आणि आत नोडला ४ ची मुभा दिली की मारेकरी येणारच. युजर फोल्डरात '.डब्ल्यूएसएलकॉन्फिग' करून 'डब्ल्यूएसएल२' या चौकटी कंसातल्या मथळ्याखाली 'मेमरी=५जीबी' आणि 'स्वॅप=८जीबी' लिहा, मग 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' करून पुन्हा सुरू करा. विंडोजकडचा ब्राउझर त्या वेळी आवरता घ्यावा लागेल.

स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. साध्या लिनक्सवर एक्स्टी४ डिस्क असेल तर ती अशी करा: 'फॅलोकेट -एल ८जी /स्वॅपफाइल', 'सीएचमॉड ६००', 'एमकेस्वॅप', 'स्वॅपऑन', आणि एफएसटॅबमध्ये ओळ. बीटीआरएफएसवर हा क्रम जसाच्या तसा चालत नाही. विंडोजवर पेजिंग फाइल सिस्टिमवरच सोडा आणि सी ड्राइव्हवर १५-२० जीबी मोकळे ठेवा. स्वॅप एसएसडीवर असेल तर लिंकिंगचे दोन मिनिटांचे उंचवटे पार पडतात. हार्ड डिस्कवर बिल्ड मरत नाही, पण संपतही नाही.

सकाळचा बिल्ड होतो आणि दुपारी तोच मरतो, असं असेल तर गळतीचा (वापरलेली मेमरी परत न सुटण्याचा) संशय घ्या. 'हीपडंपऑनआउटऑफमेमरीएरर' हा जावाचा पर्याय चालू करा. डंप (एरर येताच डिस्कवर उतरवलेली हीपची नक्कल) साधारण वापरात असलेल्या हीपएवढा होतो, तेवढी डिस्क मोकळी हवी. मग एक्लिप्स मेमरी ॲनालायझरमध्ये उघडून सगळ्यात मोठी वस्तू कुणाची ते बघा. बऱ्याचदा एखादं प्लगइन सापडतं.

रॅम वाढवताना

आधी १६ जीबीच्या मशीनवर खरंच १६ दिसतेय का ते पाहा. किनाऱ्यावरच्या खारट, दमट हवेत स्टिकचे संपर्क काळवंडतात आणि एक स्टिक दिसेनाशी होते. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, जमल्यास बॅटरीही सोडवलेली. मग स्टिक काढून आयसोप्रोपाइल अल्कोहोलने संपर्क पुसा, पूर्ण वाळू द्या आणि घट्ट बसवा. कंपायलर दर वेळी नव्याच ठिकाणी कोसळत असेल तर मेमटेस्ट८६+ रात्रभर लावा, तिथे रॅमच खराब असू शकते.

मोकळा स्लॉट आहे का ते टास्क मॅनेजरमध्ये 'स्लॉट्स यूज्ड' सांगतं, लिनक्सवर 'डीएमआयडीकोड -टी मेमरी'. काही पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते. तिथे वाढीचा प्रश्नच मिटतो. डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. कुडाळ किंवा चिपळूणच्या दुकानातून स्टिक मागवायची तर जुन्या स्टिकवरच्या लेबलचा फोटो पाठवा, नाहीतर एक फेरी वाया जाते.

१६ जीबी झाल्यावर '.ग्रेडल' मधली ती फाइल उघडा आणि ग्रेडलला ३०७२, कोटलिनला २०४८, वर्कर्सना ४ द्या. ही फाइल विसरली जाते, आणि नवी रॅम लावूनही बिल्ड जुन्याच १५३६ वर धापा टाकत राहतो.