पिकासा काढण्याआधी चेहऱ्यांची नावं वाचवली

पिकासा या गूगलच्या फोटो सांभाळण्याच्या प्रोग्रामचा सपोर्ट २०१६ मध्येच थांबला होता. माझे फोटो डिजिकॅम या दुसऱ्या फोटो प्रोग्राममध्ये दिसू लागले, तरी मी पिकासा लगेच अनइन्स्टॉल केलं नाही. सेव्ह न केलेलं एडिटिंग पिकासा फोटोत लिहीत नाही. प्रत्येक फोल्डरमधल्या 'पिकासा डॉट आयएनआय' या लपलेल्या फाइलमध्ये ठेवतं, आणि बहुतेक प्रोग्राम ती वाचत नाहीत. म्हणून आधी सगळे बदल सेव्ह केले, मग टूल्समधल्या एक्स्परिमेंटल मेनूतून चेहऱ्यांना दिलेली नावं एक्सएमपीत, म्हणजे इतर प्रोग्रामही वाचू शकतात अशा माहितीच्या स्वरूपात, लिहून घेतली. आजोबांच्या पिढीतली ती नावं पुन्हा कोण सांगणार? डिजिकॅमला मेटाडेटा (फोटोसोबत साठवलेली माहिती) परत वाचायला लावला, नावं आली, मगच पिकासा काढलं. 'पिकासाओरिजिनल्स' नावाचे लपलेले फोल्डर मात्र उडवू नका. एडिट करण्याआधीचे मूळ फोटो त्यातच असतात.