भाड्याच्या घरातल्या सामानाचा विमा : पावसाळ्याआधी करून ठेवायची तयारी

जून तोंडावर आला की आपल्या सोलापुरात जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडच्या गल्ल्यांतून सामानाचे टेम्पो फिरायला लागतात. कॉलेजची मुलं खोल्या घेतात, बदली होऊन आलेली कुटुंबं फ्लॅट शोधतात, अकरा महिन्यांची ॲग्रीमेंटं संपून नवी होतात. या धांदलीत घरातल्या सामानाच्या विम्याची कुणाला आठवण राहत नाही. ज्यांना राहते त्यांच्या डोक्यातही बऱ्याच चुकीच्या समजुती असतात. ओळखीपाळखीच्या लोकांचे क्लेमचे कागद भरायला मी मदत करतो. त्यावरून एक सांगतो, अडकलेल्या क्लेममधला घोळ बहुतेक वेळा पॉलिसी घेतानाच झालेला असतो. म्हणून तयारी आत्ताच करा.

पहिलं काम घरमालकाशी बोलण्याचं. त्यांनी घराचा विमा काढलाय का आणि कशाचा, हे सरळ विचारा. सगळ्यात पसरलेला गैरसमज हाच, की मालकाचा किंवा सोसायटीचा विमा आहे म्हणजे आपलंही भागलं. मालकाचा विमा भिंती, स्लॅब, फरशी, पक्कं फिटिंग यांचा. तुमचा फ्रिज, कपाट, गाद्या, भांडी त्यात येत नाहीत. उलट बाजूने, इमारतीचा विमा काढायची तुम्हाला गरज नाही. एजंटाने फ्लॅटची किंमत विचारून हप्ता सांगायला सुरुवात केली तर त्याला तिथेच थांबवा आणि 'फक्त घरातल्या सामानाचा' असं स्पष्ट सांगा. विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक मसुद्याची पॉलिसी लागू केली आहे. ती नुसत्या सामानासाठीही घेता येते, म्हणजे भाडेकरूलाही घेता येते. नाव घेऊनच मागा.

मग ॲग्रीमेंट. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. विम्याच्या कामात हा कागद तुम्ही त्या घरात राहत होता याचा पुरावा ठरतो. पॉलिसीवरचा पत्ता करारातल्या पत्त्याशी अक्षरशः जुळवा, फ्लॅट नंबर आणि मजल्यासकट. घर बदललं की कंपनीला कळवून पत्ता बदलून घ्या. सामान आपलं म्हणजे विमाही आपल्यामागून येतो असं लोक धरून चालतात. पण पॉलिसी असते ती त्या पत्त्यावरच्या सामानाची. टेम्पोतून जाताना कपाटाची काच फुटली तर तीही या विम्यात बसत नाही. घर फर्निश्ड असेल तर मालकाच्या वस्तूंची यादी कराराला जोडून घ्या, म्हणजे एसी कुणाचा आणि गिझर कुणाचा हा वाद पुढे उरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, सामानाची यादी. याला एक अख्खी दुपार द्या. मोबाईल घेऊन खोलीखोलीतून व्हिडिओ काढा. कपाटं उघडून, माळ्यावरच्या पेट्या खाली काढून, दिवाणाचा खण ओढून. फ्रिज आणि वॉशिंग मशिनच्या पाठीमागे स्टिकर असतं, त्यावरच्या सीरियल नंबराचा जवळून फोटो घ्या. बिलांचेही फोटो आजच काढा, कारण दुकानातलं ते गुळगुळीत कागदाचं बिल उष्णतेने उडतं, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ड्रॉवरमध्ये ठेवलेलं बिल दोन उन्हाळ्यांत कोरं होऊन बसतं.

यादी करताना घरातल्या बायकांना सोबत घ्या. पुरुषाला विचारलं तर तो टीव्ही, फ्रिज, कूलर सांगून थांबतो. पितळी पातेली, मिक्सर, कुकर, इरकली आणि पैठण्या, लग्नात आलेला चादरींचा गठ्ठा, पाहुण्यांसाठीच्या गाद्या, पाण्याची पिंपं, मुलांची पुस्तकं आणि सायकल हे त्यांनाच आठवतं, आणि बेरीज केली की हाच आकडा मोठा निघतो. किंमत लिहिताना ती वस्तू आज नव्याने घ्यायला किती पडेल ते लिहा, कारण विम्याची रक्कम त्या हिशोबाने ठरवायची असते. दहा वर्षांपूर्वी चार हजारांना घेतलेलं कपाट आज तेवढ्यात येणार नाही. यादी आणि व्हिडिओ गावाकडे भावाला किंवा बहिणीला पाठवून ठेवा. मोबाईलही त्याच आगीत जाऊ शकतो.

सोन्याचं वेगळं गणित आहे. साध्या सामानाच्या रकमेत दागिने, चांदीची भांडी धरत नाहीत. त्यासाठी मौल्यवान वस्तूंचं जादा संरक्षण मागून घ्यावं लागतं. भारत गृह रक्षामध्ये अशा वस्तूंची एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेका वस्तूची किंमत १ लाखापर्यंत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही, त्यापुढे सराफाकडे जाऊन तो आणावा लागतो. सोन्याच्या आजच्या भावात एक पाटली त्या मर्यादेबाहेर जाते, तेव्हा वजन करूनच ठरवा. तांदळाच्या डब्यातली रोकड, नाणी, चेक, एफडीच्या पावत्या, दहावीचं प्रमाणपत्र यांची भरपाई मात्र नसतेच. रोकड बँकेत टाका, प्रमाणपत्रं डिजिलॉकरवर घ्या.

घरात काही धंदा चालत असेल तर तो लपवू नका. शहराच्या पूर्व भागात किती घरांतून शाळेच्या गणवेशांची शिलाई चालते, कुठे एखादा माग असतो. मशिन तुमचं, कापड व्यापाऱ्याचं, आणि घर भाड्याचं. घरगुती सामानाची पॉलिसी घरगुती वापराच्या वस्तूंसाठी आहे. जॉबवर्कचा गठ्ठा जळाला तर त्याचे पैसे यातून मिळतील अशी आशा धरू नका. त्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेची वेगळी पॉलिसी आहे. व्यापाऱ्याने त्याच्या मालाचा विमा काढलाय का, हे विचारायलाही संकोच नको.

तीन-चार मुलं मिळून खोली घेतात तेव्हा एकाच्या नावची पॉलिसी सगळ्यांना पुरते असं त्यांना वाटतं. तसं नाही, ज्याच्या नावाने पॉलिसी त्याचंच सामान. माझं मत विचाराल तर ज्या मुलाकडे गादी, बादली आणि रोज पाठीवरून कॉलेजला जाणारा लॅपटॉप एवढंच आहे, त्याने या विम्याच्या मागे लागू नये. घराबाहेर गेलेला लॅपटॉप यात येतच नाही. कुटुंबाने मात्र जरूर घ्यावा. पाचेक लाखांच्या सामानाचा आग-पुरापुरता हप्ता वर्षाला साधारण काही शेकड्यांत बसतो. जीएसटी माफ झालाय असं कुणी सांगितलं तर ती सप्टेंबर २०२५ मधली सवलत वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याची आहे, घराच्या विम्याची नाही.

'देवाच्या करणीचे पैसे कंपनी देत नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर थोडं थांबतो. भारत गृह रक्षामध्ये आग, वीज कोसळणं, वादळ, पूर, भूकंप हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा, मोहोळ, करमाळ्याकडच्या घरांत काय केलं ते आपण पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने इथली माणसं पहाटे रस्त्यावर आली होती. इंटरनेटवरचे अमेरिकेतल्या भाडेकरू विम्याचे व्हिडिओ बघून लोक इथेच फसतात. तिकडच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर आणि भूकंप वगळलेले असतात, उलट दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी आणि घर राहण्याजोगं नसताना दुसरीकडे राहण्याचा खर्च धरलेला असतो. आपल्याकडे तुमच्या हातून आग लागून मालकाच्या भिंती काळ्या झाल्या तर सामानाचा विमा त्या रंगवून देत नाही. ते संरक्षण जोडून मिळतं का, आणि भाडेकरूला तात्पुरत्या घराचं भाडं मिळतं का, हे पॉलिसीच्या मसुद्यात बोट ठेवून वाचा.

पाण्याचं आपल्या शहरात विशेष. काही दिवसांआड नळ येतो, तोही कधी मध्यरात्री. टाकी, हौद, पिंपं भरून ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. तोटी उघडी ठेवून डोळा लागतो, वरच्या मजल्यावरची टाकी ओसंडते आणि पाणी खालच्याच्या छतातून थेट टीव्हीवर उतरतं. टाकी किंवा पाइप फुटून वा भरून वाहून झालेलं नुकसान पॉलिसीत बसतं. भिंतीला वर्षानुवर्षं धरलेली ओल आणि त्याने कपाटाला लागलेली बुरशी बसत नाही. ती मालकाकडून दुरुस्त करून घ्यायची गोष्ट आहे, करारातच तसं लिहून घ्या.

विजेचंही असंच बारीक कलम आहे. दाब वाढून किंवा शॉर्टसर्किटने फ्रिजच जळाला तर त्या फ्रिजचे पैसे मिळत नाहीत. त्यातून आग पसरून बाकीचं घर जळालं तर त्या बाकीच्याचे मिळतात. कूलरची वायर आणि एकाच बोर्डावर लावलेल्या चार पिना मे महिन्याआधी वायरमनकडून तपासून घ्या. गॅसचं कनेक्शन स्वतःच्या नावावर आणि याच पत्त्यावर करून घ्या. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी काढलेल्या विम्यात मालमत्तेच्या नुकसानीला एका अपघातात २ लाखांपर्यंत भरपाई आहे, पण ती नोंदलेल्या ग्राहकाच्या नोंदलेल्या पत्त्यावर. मालकाचा किंवा कुणाकडून उसना घेतलेला सिलेंडर वापरणाऱ्यांनी हे आधी मार्गी लावावं.

आणि चोरी. इथे लोकांची सर्वात मोठी निराशा होते. भारत गृह रक्षाच्या मूळ पॉलिसीत चोरी धरली जाते ती फक्त आग, पूर अशा घटनेमुळे, त्यानंतरच्या ७ दिवसांत झालेली. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावंच लागतं. ते घेतलं तरी बहुतेक पॉलिसींत कडीकोयंडा तुटल्याची, बळजबरीने आत शिरल्याची खूण हवी असते. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंदराय चंदनलाल या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हीच अट मान्य केली. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जाताना नुसतं दार ओढून घेणारी, किल्ली कुंडीखाली ठेवणारी घरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांनी घरफोडीचं कलम दोनदा वाचावं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला किंवा सुट्टीत गावाला जाताना कुलपाचा आणि कडीचा फोटो काढून ठेवा. घर किती दिवस सलग बंद राहिलं तर संरक्षण थांबतं, ती मुदत पॉलिसीत शोधून कॅलेंडरवर लिहा. दारातली मोटारसायकल सामानात येत नाही, तिचा विमा तिचाच.

नुकसान झालंच तर आधी माणसं बाहेर, मग १०१. त्यानंतर त्याच दिवशी कंपनीला फोन आणि ईमेल दोन्ही करा. आगीला अग्निशमन दलाचा दाखला, चोरीला एफआयआर आणि पंचनामा, पुराला तलाठ्याचा पंचनामा मिळवा. भिजलेल्या गाद्या, फुगलेलं प्लायवूड सर्व्हेअर, म्हणजे नुकसान बघायला येणारा माणूस, येऊन जाईपर्यंत टाकू नका. वास येतो, घरातले वैतागतात, तरी गच्चीवर ठेवा आणि फोटो काढा. भारत गृह रक्षाचा क्लेम फॉर्म ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्याच तक्रार कक्षाकडे लेखी अर्ज करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाता येतं. सोलापूर जिल्हा पुण्याच्या कार्यालयाखाली येतो. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही. आयआरडीएआयचा १५५२५५ हा टोल फ्री नंबर आणि पॉलिसी नंबर एका कागदावर लिहून तो फोटो यादीच्याच फोल्डरमध्ये टाका.